दोन यंत्रं आणि एक बाळी

"आला आवाज?" मयेकरांनी विचारलं.

मी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. "आला. अगदी स्वच्छ."

"किती स्वच्छ? माझ्यासारखा, की त्याहून बरा?"

"मयेकर, तुमच्या हेडफोनमधलं मला कसं ऐकू येणार?"

मग आम्ही यंत्रांचीच अदलाबदल केली. त्यांनी माझ्या यंत्राची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची थाळी, त्याच जागेवरून सावकाश फिरवली, डोळे मिटून ऐकलं, पुन्हा फिरवली. मी त्यांचं यंत्र हातात घेऊन तेच केलं. वाळूत चार बोटं खोल एक सोन्याची बाळी पुरलेली होती आणि ती दोन्ही यंत्रांना ऐकू येत होती.

"बरोबर," ते म्हणाले. "दोन्ही चोख आहेत."

एवढं म्हणून ते उकिडवे बसले, बाळी उकरून काढली, शर्टाला पुसली आणि कापराच्या रिकाम्या डबीत टाकली. स्वतःचं यंत्र चोख निघाल्यावर माणूस जरा फुशारतो. मयेकरांचा चेहरा मात्र बँकेतून नकार घेऊन बाहेर पडलेल्या माणसासारखा झाला होता. मला ते खटकलं, पण मी विचारलं नाही. तेव्हा मला वाटत होतं की मी फक्त यंत्रांची तुलना करायला आले आहे.

प्रभाकर मयेकरांचं दापोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि घर तिथून तासाभरावर, समुद्रकाठच्या गावात. मी चिपळूणच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल घ्यायचे. जमिनीत हरवलेल्या वस्तू छंद म्हणून धातुशोधक यंत्राने शोधणारी आमच्यासारखी माणसं महाराष्ट्रात तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. किल्ल्यांकडे आणि देवळांकडे आम्ही फिरकत नसू, तिथे कायदा आडवा येतो आणि त्याचं बरोबरच आहे. समुद्रकाठ, जत्रेची मैदानं, कुणाच्या परवानगीने कुणाची परसदारं, एवढंच आमचं जग. इंटरनेटच्या एका फोरमवर आमची ओळख झाली. दोन वर्षं ते मला 'टिकेकर साहेब' म्हणून लिहीत होते. पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला आणि मग "बोला, मॅडम" आलं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून असे. दोघांच्याही यंत्रांत फ्रिक्वेन्सी बदलायची सोय होती. माझ्यात चार, आठ आणि चौदा किलोहर्ट्झ, त्यांच्यात पाच, दहा आणि वीस. खालच्या फ्रिक्वेन्सीला यंत्र खोल जातं, मोठी नाणी, तांब्याची भांडी ओळखतं, पण नाजूक दागिन्याला बहिरं असतं. वरच्या फ्रिक्वेन्सीला सुईएवढं सोनंही कळतं, पण कोकणातल्या काळ्या वाळूत लोखंडाचा अंश असतो, त्यामुळे ते सतत कुरकुरतं. मयेकरांचं म्हणणं, सोन्याला वीसच हवं. माझं म्हणणं, वीसची कुरकुर ऐकण्यापेक्षा चौदाचं स्पष्ट बोलणं बरं. असल्या विषयावर दोन शहाणी माणसं दोन वर्षं वाद घालू शकतात यावर माझ्या बहिणीचा आजही विश्वास नाही.

मार्चच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमचं यंत्र घेऊन एकदा या. दोन्ही एका जागेवर, एका वस्तूवर लावून बघू. एकदाचं ठरून जाईल."

काय ठरून जाईल, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, चौदा की वीस.

जागा सुरूच्या बनात होती, भरतीच्या रेषेपासून बरीच वर, कोरड्या वाळूत. मयेकरांनी चार झाडांना सुतळी बांधून मोठ्या खोलीएवढा चौकोन आखला होता आणि आत सुतळीचेच पट्टे पाडले होते. एवढी तयारी पाहून मी म्हटलं, "हे तर पुरातत्त्ववाल्यांसारखं दिसतंय."

"जागा इथलीच आहे, म्हणून," ते म्हणाले. "ह्या बाळीची दुसरी इथं पडली. आठ-नऊ वर्षं झाली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ सोडून घरची सगळी ह्या सावलीत बसली होती. घरी गेल्यावर बघतात तर एका कानात बाळी नाय. इथं पडली असं घरचं म्हणणं आहे."

"घरचं म्हणजे?"

"मिसेसचं," असं म्हणून त्यांनी हेडफोन चढवला.

आम्ही एकेक पट्टा घेतला. एक पट्टा झाला की यंत्रं बदलायची आणि पुन्हा तोच पट्टा करायचा. बाटल्यांची बुचं निघाली, होड्यांचे गंजके खिळे निघाले, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद निघाला. दोनदा मला वाटलं मिळाली, आणि दोन्ही वेळा जाळ्याला लावायचं शिसं हाती आलं. मयेकर बारीकशा कुरकुरीवर थांबत नव्हते. बाळीचा आवाज त्यांना पाठ होता, कारण यंत्र घरात आल्यापासून ते दर रविवारी आधी डबीतली बाळी वाळूत पुरून तिच्यावर कान तयार करत आणि मग दुसरीच्या शोधाला लागत. हरवलेल्या वस्तूची जोडी हाताशी असणं यासारखं भाग्य आमच्या छंदात नाही. तिचा आवाज ओळखायचा आणि तसलाच आवाज शोधायचा.

दुपारपर्यंत सगळे पट्टे दोन्ही यंत्रांनी दोनदा झाले. बाळी मिळाली नाही.

"झालं," मयेकर म्हणाले. "चला जेवायला."

घरात त्यांची आई होती, सगळे तिला आक्का म्हणत, आणि पत्नी सुहासिनी. मूलबाळ नव्हतं. वहिनींनी बांगड्याचं कालवण केलं होतं आणि माझ्या आडनावाकडे पाहून शेजारी वालाची उसळही ठेवली होती. मी सरळ बांगडा ओढून घेतला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. बारीक अंगाची, चटपटीत बाई. कानात खड्यांचे खोटे टॉप्स होते.

"मिळाली?" आक्कांनी मुलाला विचारलं.

"नाय."

"ह्या बायच्या मशीनला पन नाय?"

"नाय म्हटलं ना, आई."

आक्का माझ्याकडे वळल्या. "बाय, तू शिकलेली. तूच सांग. कानातली बाळी पडली तर बाईमानसाला कळनार नाय? माझ्या आईच्या बाळ्या त्या. मी चाळीस वर्षं घातल्या. समुद्रात पोहले, भात लावला, कधी पडल्या नाय. हिच्या कानात एका वर्षात पडली. आनि त्याच महिन्यात हिच्या भावानं दाभोळला रिक्षा घेतली."

घास माझ्या हातातच राहिला. वहिनी भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, आणि हे बोलणं त्या घरात किती वेळा झालं असेल ते मला तेवढ्यावरून कळलं.

"आई, पाहुण्यांसमोर नको," मयेकर म्हणाले.

"का नको? पावनी त्याच्यासाठीच बोलावलीस ना? मी तेव्हाच सांगत होते, देवाला कौल लावू. उजवं फूल पडलं की ही खरी, डावं पडलं की खोटी. तू म्हनालास, हे अडानीपनाचं आहे. मी यंत्रानं बघतो."

"आणि बघितलं," मयेकर हळूच म्हणाले. "दोन यंत्रांनी बघितलं."

मग उरलेलं मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. वहिनींचा भाऊ महेंद्र त्या वर्षानंतर या घरी आला नव्हता आणि त्याच्या घराची पायरी या घरातलं कुणी चढलं नव्हतं. आता महेंद्रच्या मुलीचं, रसिकाचं, लग्न ठरलं होतं. रसिकाला वहिनींनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मयेकरांनी त्यावर तोडगा काढला होता. दुसरं यंत्र आणून शेवटची तपासणी करायची. बाळी मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर सुहासिनीने आक्कांसमोर एकदा कबूल करायचं की बाळी भावाला दिली. कबूल केलं की विषय संपला, कुणी काही बोलणार नाही, सगळ्यांनी मिळून लग्नाला जायचं.

मयेकर हे सांगताना अगदी समजूतदार माणसाच्या स्वरात सांगत होते. ते दुष्ट नव्हते. बायकोला कधी घालूनपाडून बोलत असतील असंही वाटलं नाही. टीव्ही का बंद पडला हे शोधताना एकेक भाग तपासून बाजूला ठेवावा, तसा त्यांनी हा प्रश्न आठ-नऊ वर्षं तपासला होता आणि शेवटी एकच भाग उरला होता.

मला राग आला. त्यांचा आला, आणि मला न विचारता या खटल्यात पंच म्हणून बसवल्याचाही आला.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला परसात गेले. वहिनी विहिरीपाशी भांडी घासत होत्या.

"तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"कबूल करायचं म्हणता?" त्यांनी राखेचा हात कढईवर जोरात फिरवला. "न केलेलं कसं कबूल करू? आणि केलं तर महेंद्र चोरीच्या सोन्यावर रिक्षा चालवतो असं होईल. पोरीच्या लग्नात तेच आहेर म्हणून नेऊ?"

"आणि नाही केलं तर?"

"तर रसिकाचं लग्न मी इथं बसून ऐकीन. दाभोळच्या बाजूचा बँड वाऱ्यावर इकडे ऐकू येतो म्हणतात." कढई पालथी घालून त्या म्हणाल्या, "खरं सांगू ताई? आक्कांचं ऐकून कौल लावला असता तर बरं झालं असतं. फूल इकडे पडो नायतर तिकडे, एका सकाळीत सुटले असते. ह्यांचं यंत्र दर रविवारी मला विचारतं."

मी परत ओटीवर आले. मयेकर सुतळीची गुंडाळी करत बसले होते.

"मयेकर, आपली तुलना पुरी झालेली नाही," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?"

"बाळी कुठे पुरली आहे ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. माहीत असलं की कान आपोआप आवाज काढून देतो. तिसऱ्या माणसाने आपल्याला न दाखवता पुरायची आणि मग आपण शोधायची. फोरमवर तुम्हीच हे मला दहादा ऐकवलं आहे."

हे खरं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. माझ्या मनात त्यात फार मोठं काही नव्हतं. मला फक्त निकाल पुढे ढकलायचा होता, आणि यंत्रं चुकू शकतात एवढं त्या माणसाला एकदा दिसलं तर हवं होतं.

"पुरणार कोण?" त्यांनी विचारलं. "आईचे गुडघे दुखतात."

"वहिनी आहेत की."

उन्हं उतरल्यावर आम्ही तिघं बनात गेलो. मयेकरांनी डबी बायकोच्या हातात दिली. त्या डबीला त्यांनी इतक्या वर्षांत बायकोला हात लावू दिला नसावा, कारण वहिनींनी ती उघडली आणि बाळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"चौकोनात कुठंही ठेव," मयेकरांनी सांगितलं. "फार खोल नको, तीन-चार बोटं. वाळू सारखी कर. मुद्दाम काय करू नको, पडली असेल तशी ठेव. आम्ही पाठ फिरवतो."

आम्ही समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. एक माणूस दूर जाळं वाळत घालत होता. मयेकर चौदा आणि वीसवर काहीतरी बोलत होते, मी हूं हूं करत होते.

"झालं," मागून आवाज आला.

मयेकरांनी वीस लावलं, मी चौदा. त्यांनी उत्तरेकडून सुरुवात केली, मी दक्षिणेकडून. मी सावकाश, कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून फिरवत होते. कुरकुर होती ती नेहमीची होती. मधोमध आमची गाठ पडली.

"तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाय."

आम्ही बाजू बदलल्या. मग यंत्रं बदलली. मग मयेकरांनी पाच आणि दहासुद्धा लावून पाहिलं, जे वेडेपणाचं होतं. सकाळी त्याच खोलीवर दोन्ही यंत्रांनी खणखणीत ओळखलेली बाळी आता कुठेच नव्हती. घरातली एकुलती उरलेली बाळी होती ती.

त्यांनी हेडफोन काढून गळ्यात टाकला. "सुहास, कुठं ठेवलीस?"

"इथंच."

"इथं नाय. दोन यंत्रं सांगतायत, नाय."

"मी सांगते ना, आहे."

"हातात आहे का तुझ्या? पदरात बांधलीस?"

"अहो, इथंच आहे."

"खोटं बोलू नको!" मयेकर ओरडले.

जाळं वाळत घालणाऱ्या माणसाने मान वर करून पाहिलं. वहिनी एका सुरूच्या बुंध्यापासून दोन पावलांवर जाऊन बसल्या, माझी कॉइल जिथून किमान चारदा गेली होती तिथेच, आणि हाताने वाळू बाजूला सारली. मग तळहात आमच्यापुढे धरला.

बाळी तिथे होती. तिचा आकडा उघडा होता.

"ही उघडी का?" मयेकरांनी विचारलं.

"पडली असेल तशी ठेव म्हणालात ना? मग तशी ठेवली. आकडा सुटल्याशिवाय बाळी कानातून पडेल कशी?"

मी वहिनींच्या तळहातावरची बाळी उचलली, तशीच उघडी वाळूवर ठेवली आणि वरून कॉइल फिरवली. काही नाही. अगदी टेकवली तेव्हा एक बारीक टिक झाली, काळ्या वाळूच्या कुरकुरीत सहज मिसळेल अशी. मग मी बाळी उचलून आकडा चिमटीत दाबला, बंद केला, पुन्हा ठेवली. यंत्र खणखणीत बोललं.

"पुन्हा करा," मयेकर म्हणाले.

मी पुन्हा केलं. त्यांनी स्वतः केलं. उघडी, बंद, उघडी, बंद. चौदावर, वीसवर. आयुष्यभर सर्किटं जोडणाऱ्या माणसाला मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. यंत्र बाळीला ओळखतं ते तिच्या कडीत वीज गोल फिरते म्हणून. कडी तुटली की वीज फिरायची थांबते, आणि एवढंसं पातळ सोनं यंत्रापुरतं नसल्यासारखंच होतं. सोनं तेच, खोली तीच. डबीतली बाळी इतकी वर्षं बंद होती. मयेकर बंद बाळीवर कान तयार करून उघडी बाळी शोधत होते, आणि उघड्या बाळीची जी काही बारीक टिक होती ती ते दर रविवारी कचरा म्हणून सोडून देत होते.

ते वाळूत खाली बसले. "म्हणजे इतकी वर्षं..." एवढंच म्हणाले.

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

मग मात्र ते उठले ते अंगात वारं भरल्यासारखे. "मॅडम, थर काढायचा! तीन बोटं वाळू ओढून टाकायची, कॉइल टेकवून फिरवायची, पुन्हा तीन बोटं. आणि एक पण टिक सोडायची नाय." घरून फावडं आणि चाळण आली. आक्का दुखऱ्या गुडघ्यांनी येऊन झाडाला टेकून बसल्या. अंधार पडेपर्यंत आम्ही अर्धा चौकोन केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर राहिलेला धरला. खिळ्याचं टोक, चंदेरी कागदाचा कपटा, बुचाचा गंज, प्रत्येक टिक खणली. वहिनी आल्या नाहीत. त्या घरी चूल पेटवत होत्या.

बाळी दुसऱ्या थरात मिळाली, एका सुरूच्या बारीक मुळ्यांत अडकलेली. आवाज मयेकरांच्या वीसवर आला. माझ्या चौदाला ती वाळूखाली असताना कॉइल टेकवूनही कळली नाही. म्हणजे दोन वर्षांचं भांडण ते जिंकले होते आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केलं, पण त्यांना ऐकूच आलं नाही. ते बाळी मुठीत धरून घराकडे पळत सुटले होते.

मी पोचले तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मूठ उघडलेली, चेहरा लहान मुलासारखा.

"सुहास, मिळाली! बघ! तू खरं बोलत होतीस!"

वहिनींनी तवा खाली उतरवला. हात पदराला पुसले. बाळी घेतली, दुसरीला लावून पाहिली. जोडी बरोबर होती.

"मी खरं बोलत होते ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "यंत्रानं नाय म्हटलं तेव्हा मी खोटी झाले. आता यंत्रानं हो म्हटलं म्हणून खरी झाले. मी सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंत, अहो?"

त्या क्षणी मयेकरांनी कुठलंही उत्तर दिलं असतं तरी ते मला सहन झालं नसतं. त्यांचा हात अजून पुढे पसरलेलाच होता, रिकामा. आक्का ओटीवरूनच विचारत होत्या, "काय म्हनते ती? काय म्हनते?" पण त्यांना कुणी सांगितलं नाही.

मी भाकरी खाऊन चिपळूणला परतले. मयेकर स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी यंत्रांविषयी एक अक्षर काढलं नाही. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मॅडम, लग्नाला या. दाभोळला. ती म्हणाली, तुम्हाला सांगायला."

मी गेले. एप्रिलचा उकाडा होता आणि मांडवातला पंखा नुसताच घरघरत होता. मयेकर पांढऱ्या शर्टात एका बाजूला उभे होते. महेंद्रने त्यांना पाणी आणून दिलं, त्यांनी घेतलं, दोघांनी एकमेकांकडे पाहण्याचं टाळलं. आक्का पुढच्या खुर्चीवर काठी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, वहिनींच्या कानात आज बाळ्या असतील. पण कानात तेच खोटे टॉप्स होते.

आहेराची वेळ आली. पाकिटं झाली, साड्या झाल्या. मग वहिनी उठल्या आणि रसिकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी दोन्ही बाळ्या बाहेर काढल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"ह्या बाळ्या मी माझ्या भावाच्या लेकीला देते. माझ्या हातानं देते. सगळ्यांनी नीट बघून घ्या, म्हणजे पुन्हा कुणाला शोधायला लागायचं नाय."

भटजींनी हातातला तांब्या खाली ठेवला. महेंद्र "ताई, नको, ताई" म्हणत पुढे येत होता. वहिनींनी त्याच्याकडे न बघता रसिकाच्या कानांतली फुलं काढली आणि एकेक बाळी अडकवली. मयेकरांची मान खाली होती. ते वहिनींना थांबवायला गेले नाहीत, आणि त्या माणसाबद्दल मला जे काही बरं वाटतं ते तेवढ्याचसाठी वाटतं.

सगळ्यांचे डोळे आक्कांकडे होते. त्यांच्या आईच्या बाळ्या, आणि त्या चालल्या होत्या नेमक्या त्याच घरात. त्या काठी टेकत उठल्या. कुणीतरी हात द्यायला गेलं, त्यांनी तो झिडकारला. नवरीपुढे जाऊन त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड एकीकडे वळवलं, बाळी बोटांनी चाचपली, मग दुसरीकडे वळवलं.

"अगो सुहास," त्या म्हणाल्या, "आकडा घट्ट दाब. पडतात ह्या."